दसऱ्याचे तेल

दसऱ्याच्या दिवशी बालाघाटातली प्रत्येक गाडी नटत असे. बैहर नाक्यावरच्या टॅक्स्या, तांदळाच्या गिरण्यांचे ट्रक, जंगलखात्याची मोडकी जीप, सगळ्यांच्या कपाळी कुंकू, गळ्यात झेंडू आणि चाकाखाली चिरडण्यासाठी ठेवलेले लिंबू. नटत नसे ती फक्त डोमाजी गजभिये यांची काळी लँडमास्टर. डोमाजींनी नागपूरला दीक्षा घेतल्यापासून पूजा सोडली होती, आणि सोडली म्हणजे मुळापासून सोडली होती. मात्र ज्या यंत्रावर घर चालते त्याला वर्षातला एक दिवस द्यावा, एवढे त्यांच्या मनात राहून गेले होते. म्हणून दसऱ्याला सकाळी ते विहारात वंदनेला जात आणि दुपारी गाडीचे तेल बदलत.

"पूजा नोहे, देखभाल हाय," असे ते विचारणाऱ्याला सांगत.

एका विधीच्या जागी दुसरा विधी आला आहे, हे त्यांच्या मुलाच्या, हिरालालच्या, केव्हाच ध्यानात आले होते. हिरालाल गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेत असे, आणि जे तपासता येत नाही त्याविषयी बोलू नये, असे त्याचे मत होते. वर्षातून एकदाच तेल बदलणे यंत्रशास्त्राला धरून नव्हते. एरवी वर्षभर डोमाजी जळेल तेवढे वरून ओतत, आणि जुने तळाशी तसेच राही. तरीही हा विधी निदान उपयोगाचा होता, म्हणून हिरालालने त्याला हरकत घेतली नव्हती.

गाडी मूळची मँगनीजच्या खाणीवरच्या एका मॅनेजरची. डोमाजी त्या खाणीत दगड फोडत. पुढे साहेबाची गाडी धुऊ लागले, मग चालवू लागले, आणि साहेब बदली होऊन गेला तेव्हा दमलेली गाडी त्यांच्याकडे आली. छातीत खाणीची धूळ बसलेली होती, तिला काही उपाय नव्हता. पण गाडीमुळे ते खाणीच्या खड्ड्यातून वर आले होते. बालाघाट ते उकवा, कधी बैहर, अशा घाटाच्या रस्त्यावर ते प्रवासी नेत. वस्तीतली बाई अडली की ह्याच गाडीतून दवाखान्यात जाई.

हिरालालची आई तुळसाबाई एकदा त्याला म्हणाली होती, "गाडी हाय तवर तुहा बाप मोठा माणूस हाय. गाडी गेली का पुन्हा गोटे फोडाले जाईन. घरी बसनारा नोहे तो. अन् त्या छातीनं तो एक उन्हाळा काढन का नाही, सांगता येत नाही."

हे वाक्य हिरालाल विसरला नव्हता. त्या वर्षी तेलाचे भाव चढले तेव्हा तर ते त्याला रोज आठवू लागले.

गाडी तोवर इतकी चाललेली होती की अंतर मोजणारा आकडा पुन्हा शून्यावरून फिरून पुढे आला होता. मागून निळा धूर निघे. पिस्टनच्या कड्या झिजल्या की तेल वर चढते आणि जळते, त्याचा तो धूर. तेलाच्या दाबाचा काटा मॅनेजरच्या काळापासूनच मधोमध अडकून बसलेला होता. गाडीची तब्येत डोमाजी कानाने ओळखत. इतकी वर्षे ते पिपातले सुटे, साधे तेल ओतत आले होते. आता तेही परवडेना, कारण गाडी पेट्रोलच्या खालोखाल तेलच पीत होती.

नाक्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे, खाणीतल्या डंपरचे काढलेले तेल पिपात निवळत ठेवून धोतरातून गाळून विकतात, ते घ्या. कोणी म्हणे, एरंडेल मिसळा, दाट होईल आणि धूर मरेल. एकाने तर गिअरचे तेल निम्मे घालावे असे सुचवले होते. त्याची स्वतःची गाडी तेव्हा गॅरेजात उभी होती.

"तू शिकलेला हायेस," डोमाजी मुलाला म्हणाले. "तू पाह्य. शास्त्र काय म्हनते?"

हिरालालने कॉलेजातला गाळणकागद आणला. प्रत्येक तेलात गाडीतल्या जुन्या तेलाची काजळी सारखीच मिसळली, प्रत्येकाचा एकेक थेंब कागदावर सोडला आणि ते कागद अंगणातल्या दोरीवर टांगले.

"काय रे, पापड वाळू घातले का?" तुळसाबाईने विचारले.

"पापडच समज, माय. कोनता खाण्याजोगा हाय ते पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी कागद बोलके झाले होते. डंपरच्या तेलाचा थेंब मधोमध काळा गोळा होऊन थिजला होता. त्याची मैल, म्हणजे मळ, वाहून नेण्याची ताकद संपली होती. पिपातल्या साध्या तेलाची स्थिती फारशी निराळी नव्हती. एरंडेलाचे मिश्रण बाटलीत दोन थर करून वेगळे झाले होते. फक्त सीलबंद डब्यातले नवे तेल, ज्यात मैल सोडवणारे द्रव्य घातलेले असते, ते काजळी सोबत घेऊन कडेपर्यंत सारखे पसरले होते. डबा महाग होता. पण हे तेल कमी जळेल, कड्यांतला चिकटा सुटेल, आणि वर्षाच्या हिशेबात तेच स्वस्त पडेल, असे हिरालालने वडिलांना समजावले. त्याची पद्धत निर्दोष होती. कागदाला जो प्रश्न विचारला होता त्याचे कागदाने खरे उत्तर दिले होते. सुटलेला मैल पुढे कुठे जातो, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

दसऱ्याला दुपारी बापलेक डबा घेऊन प्रेमलालच्या गॅरेजात गेले. तळाचा बोल्ट खोलायला मोठा पाना हवा होता, आणि घरचा त्या वर्षी मोडला होता. प्रेमलाल आंघोळ करून, कोरी बनियन घालून खाटेवर बसला होता. समोर पाटावर त्याचे सगळे पाने, हातोड्या आणि जॅक ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू.

"आज पाना नहीं उठेगा, भैया," तो म्हणाला. "देख नहीं रहे, सब सो रहे हैं. कल लाओ, कल नीचे का चेंबर भी उतार के देख लूँगा."

"उद्या काहून? माहा दिवस आजचा हाय," डोमाजी म्हणाले.

"तुम्हारा दिन खोलने का, हमारा दिन बंद रखने का. अब झगड़ा किससे करें?" प्रेमलालने डबा हातात घेऊन उलटसुलट केला. "ये वही साबुनवाला तेल है ना, मास्टर? बुढ़िया को नहलाओगे तो मर जाएगी. मैल से ही तो जुड़ी बैठी है. और डालना ही है तो एक निंबू बाँध दो, नजर उतर जाएगी."

डोमाजींचा चेहरा ताठ झाला. "निंबू शरबतात, प्रेमलाल. गाडीले नाही."

हिरालालला त्या संभाषणाची गंमत वाटत होती. "प्रेमलालभाऊ, आज पाना लावू नोका, निंबू बांधा, अन् मैल काढू नोका. तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगतल्या तुमी. यातली पारखून पाह्यली कोनती?"

"तीनों बाप से सुनी हैं."

"म्हंजे तिन्ही सारख्या?"

"हाँ मास्टर," प्रेमलाल प्रामाणिकपणे म्हणाला, "तीनों एक जैसी."

एकाच तोंडातून, एकाच आधारावर आलेल्या तीन विधानांपैकी दोन उघड खोटी असतील, तर तिसऱ्यावर वेळ घालवण्याचे कारण उरत नाही, असा निष्कर्ष हिरालालने काढला. तर्क म्हणून तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि हे वर्गात त्याने मुलांना शिकवलेही असते. पण डोमाजी तोवर पाठ फिरवून निघाले होते. "पोरगा म्हनते तेच टाकीन," असे ते रस्त्यावर येऊन, गॅरेजात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. पाना जंगलखात्याच्या ड्रायव्हरकडून आणला. जुने तेल डांबरासारखे, गाठी धरत उतरले. नवे मधासारखे होते.

पहिले काही दिवस चांगले गेले. धूर विरळ झाला. तेलपट्टी काढून पाहिली तर नवे तेल भराभर काळे पडत होते, आणि हिरालाल समाधानाने म्हणाला, "काळं होऊन राह्यलं म्हंजे काम करून राह्यलं, बाबा. इंजिन आतून साफ होऊन राह्यलं."

डोमाजींनी ते वाक्य उचलले. उकव्याच्या वाटेवर ते प्रवाशांना सांगू लागले, "हे आईल मैल आपल्या अंगावर घेते. आपन चोख राह्यते, असं नाही. शास्त्राचं आईल हाय हे." आणि काही दिवसांनी ते गाऊ लागले.

ही बातमी रुख्माबाईने आणली. रुख्माबाई उकव्याच्या बाजारात पत्रावळी विकत असे आणि दर बाजाराला डोमाजींच्या गाडीत बसे. "तुळसाबाई, नवऱ्याले जप वं," ती अंगणात पोते टेकवत म्हणाली. "सारा घाट गात जाते. भीमाची गानी, एकामागून एक. म्हातारपनी रंगात आला."

"माह्यासमोर तं कधी तोंड उघडलं नाही त्यानं," तुळसाबाई म्हणाली. "घाटाले दाखवते कला."

सगळी हसली. हिरालालही हसला. स्टिअरिंगवर बसल्यावर त्याचे वडील शब्दही बोलत नसत, कान इंजिनाकडे लावून बसत, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. त्या माणसाला गाणे सुचावे ह्याचा त्याने एकच अर्थ लावला: बाबा निश्चिंत झाले आहेत. संध्याकाळी गाडी आली की तो विचारी, "आवाज कसा हाय?" आणि डोमाजी बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "मस्त."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याला उकव्याला काम निघाले, म्हणून तो वडिलांशेजारी पुढच्या सीटवर बसला. मागे रुख्माबाई, तिचे पोते आणि आणखी दोघी. गांगुलपाऱ्यापर्यंत रस्ता सपाट होता. घाट लागला आणि डोमाजींनी गाणे सुरू केले. त्यांचा आवाज चांगला नव्हता. तो फक्त मोठा होता. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, उन्हात पिवळे पडलेले गवत. एका वळणावर चढ वाढला, डोमाजींनी गिअर बदलला, आणि छातीने साथ सोडल्यामुळे श्वास घ्यायला गाणे क्षणभर थांबले.

त्या क्षणात हिरालालला खालून आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. लोखंडावर लोखंड.

डोमाजींनी घाईने पुढची ओळ उचलली.

"बाबा, गानं थांबवा."

गाणे थांबले. आवाज आता सगळ्या गाडीत होता.

"हा आवाज कधीपासून हाय?"

डोमाजी रस्त्याकडे पाहत राहिले. "दिवाळीच्या आंधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाही? मी रोज विचारून राह्यलतो."

"तू म्हनलंतं इंजिन साफ होऊन राह्यलं. मले वाटलं, साफ होतानी असाच आवाज येत असन." मग ते म्हणाले, "अन् प्रेमलालच्या दारात नेली असती, तं त्यानं पह्यले निंबू हातात देल्लं असतं."

"थांबवा गाडी. आत्ताच."

"चढावर थांबवली तं पुन्हा उचलत नाही ते. माथ्यावर थांबवतो."

माथा आला नाही. ठकठक एकाएकी घणासारखी झाली, काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि गाडी स्वतःच्या वजनाने मागे सरकू लागली. डोमाजींनी हातब्रेक ओढला. रुख्माबाईने उडी मारून चाकामागे दगड लावला. इंजिनाच्या बाजूला भोक पडले होते. त्यातून काळे तेल रस्त्यावर गळत होते.

हिरालालने बॉनेट उचलले. धूर बाजूला झाला तेव्हा बॅटरीच्या मागच्या बाजूला, सहज कोणाला दिसू नये अशा ठिकाणी, काळ्या दोऱ्याने बांधलेले एक लिंबू त्याला दिसले. इंजिनाच्या उष्णतेने ते सुपारीएवढे, करपून कडक झाले होते. दोऱ्याची गाठ त्याच्या ओळखीची होती. टपावर सामान बांधताना डोमाजी हीच गाठ मारत, दुहेरी, शेवट आत खोचलेला.

डोमाजी दोन पावले मागे उभे होते. ते गाडीकडे पाहत नव्हते.

"काय झालं, दिसते का काही?" रुख्माबाई पुढे येऊ लागली.

हिरालालने एका झटक्यात दोरा तोडला आणि लिंबू मुठीत घेऊन पँटच्या खिशात घातले. "काही नाही," तो म्हणाला. "इंजिन गेलं."

डोमाजींनी त्याचा हात खिशात जाताना पाहिला. हिरालालने त्यांना पाहताना पाहिले.

खाणीच्या एका ट्रकला दोर लावून गाडी परत प्रेमलालच्या दारात आणली. प्रेमलालने आता पाना उचलायला वेळ लावला नाही. त्याने चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, उतरवून जमिनीवर ठेवले. तेल शोषून घेणारी जाळी काळ्या मलईने थापून बंद झाली होती. हिरालालने बोटाने ती मलई खरवडली. सारे त्याच्यासमोर स्पष्ट होते, आकृती काढून दाखवावे इतके स्पष्ट. वीस वर्षे साध्या तेलाखाली साचत गेलेला मैल नव्या तेलाने सोडवला होता, अगदी कागदावर सोडवला तसा. सुटलेला मैल जाळीत अडकला, तेल वर चढेना, बेअरिंगा कोरड्या घासल्या. आधी चेंबर उतरवून धुतले असते तर हेच तेल बहुधा योग्य ठरले असते. आणि साधेच तेल घालत राहिले असते तर? धूर वाढला असता, कड्या तुटल्या असत्या, गाडी आणखी एखादा पावसाळा रडतखडत चालली असती. वाचली असती असे म्हणायला कोणताही आधार नव्हता. हे समजल्याने त्याला काडीचाही धीर आला नाही.

"क्रँक भी गया," प्रेमलाल म्हणाला. त्याच्या बोलण्यात विजय नव्हता. त्याने हात पुसले आणि डोमाजींशेजारी खाटेवर बसला. "इसमें अब कुछ नहीं बचा, भैया. मैंने बोला था उस दिन. दसरे को खोली, वही लगा. मैल-वैल की बात छोड़ो. एक निंबू बाँध देते, क्या जाता था तुम्हारा? निंबू होता तो गाड़ी घाट में नहीं मरती. लिख के देता हूँ."

हिरालालचा हात खिशात होता. आयुष्यभर तो लोकांकडे पुरावा मागत आला होता, आणि इतका स्वच्छ पुरावा त्याच्या हाती पूर्वी कधी आला नव्हता: लिंबू होते, आणि गाडी घाटातच मेली होती. मूठ उघडून ते खाटेवर ठेवले असते की एक अंधश्रद्धा जागच्या जागी खोडली गेली असती. त्याने वडिलांकडे पाहिले. डोमाजी जमिनीवरच्या चेंबरकडे बघत बसले होते, आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते, जसे मार बसण्याआधी माणसाचे हलतात.

"आमी निंबू बांधत नाही, प्रेमलालभाऊ," हिरालाल म्हणाला. "तुमाले माहीत हाय."

"हाँ, वही तो."

डोमाजींनी मान खाली घातली.

गाडी भंगारात गेली. हिरालालने घरी राहण्याविषयी वडिलांची खूप मनधरणी केली. त्याच्या पगारात घर अडून राहणार नव्हते. पण डोमाजी एका पहाटे डबा बांधून बाहेर पडले आणि खाणीवर दगड निवडायच्या कामाला लागले. ठेकेदाराकडे ते काम बाया आणि म्हातारे करत. खड्ड्याच्या तोंडाशी, ढिगाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि हातोडीने चांगला दगड वाईटातून वेगळा करायचा. संध्याकाळी ते काळे होऊन परत येत आणि खोकत. एकदा हिरालालने जाळीचा, मैलाचा सगळा प्रकार त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. "शास्त्र चुकलं नाही, बाबा. मी अर्धंच विचारलं त्याले."

"हौ," डोमाजी म्हणाले. "शास्त्र काहून चुकन?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले. वस्तीत कोणी विचारले तर ते सांगत, पोराचं आईल चांगलंच होतं, गाडीच म्हातारी होती. हे सांगताना त्यांचा आवाज खोल जाई, आणि ऐकणाऱ्याला वाटे, छातीमुळे.

तुळसाबाईने हिरालालला दोष दिला नाही. रात्री खोकला लांबला की ती उठून पाणी देई, एवढेच.

पुढचा दसरा आला. नाक्यावर झेंडू आले, पाटांवर पाने मांडले गेले. सकाळी बापलेक विहारात गेले. डोमाजी इतकी वर्षे पुढच्या ओळीत, भिक्खूंच्या समोर बसत. त्या दिवशी ते मागे, दाराजवळ बसले. हिरालाल त्यांच्याशेजारी बसला. वंदना झाली. मग सगळी वस्ती उभी राहिली आणि प्रतिज्ञा म्हणू लागली, एका सुरात, जशी दरवर्षी म्हणत असे. जुने देव, जुनी पूजा, जुनी कर्मकांडे सोडल्याच्या ओळी आल्या.

शेजारचा आवाज थांबला.

हिरालालने वळून पाहिले नाही. डोमाजी हात जोडून सरळ उभे होते, डोळे समोर, ओठ मिटलेले. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने मान किंचित मागे वळवली. हिरालालने खोल श्वास घेतला आणि प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला नव्हता. तो जितका मोठा काढता येईल तितका त्याने काढला, शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये श्वासाला जागा न ठेवता.